गल्लीतला पहिला किल्ला : दिवाळीत नव्याने माती मळणाऱ्यांसाठी

सहामाहीचा शेवटचा पेपर दुपारी संपतो आणि चार वाजायच्या आत पोरं खाली उतरतात. एकाच्या हातात घमेलं, दुसरीच्या हातात आजीच्या कुंड्यांमधलं खुरपं. "काका, विटा कुठे मिळतील?" हा प्रश्न दर दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे येतोच. आमच्या सोसायटीत चौदा वर्षांपूर्वी पहिला किल्ला झाला तेव्हा मलाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं. ज्यांच्या इमारतीत, वाड्यात किंवा वस्तीत आजवर किल्ला झालाच नाही, किंवा जे या शहरात नवे आहेत आणि दिवाळीत मुलं चिखलात का बसतात हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, मुंबईत गिरगाव-दादर आणि सीमेवर बेळगाव, सगळीकडे दिवाळीत मुलं मातीचे किल्ले करतात. गोव्यात याच दिवसांत पोरं रात्र-रात्र जागून नरकासुर उभा करतात, तसंच हे. बाजारात आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्लाही मिळतो. पाच मिनिटांत तो गॅलरीत मांडून होतो. माझं ऐकाल तर तो घेऊ नका. किल्ला मांडायचा नसतो, करायचा असतो, आणि एकट्याने करायचा नसतो. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं किल्ल्याभोवती अर्धा तास बोलत उभी राहिलेली मी दरवर्षी बघतो.

जागा आणि परवानगी

सगळ्यात आधी जागा. पाठीला भिंत असलेला कोपरा शोधा. तीन बाजूंनी उतार करायला चौथीकडे आधार लागतो. सकाळचं ऊन येईल आणि दुपारी सावली असेल अशी जागा मिळाली तर डोंगरावर हिरवळ म्हणून पेरायचा हळीव छान उगवतो. नळ जवळ हवा. ड्रेनेजच्या झाकणावर, विजेच्या डीपीजवळ आणि अग्निशमन बंबाच्या वाटेत किल्ला घालू नका.

मग सेक्रेटरींना भेटा. भेटायला मुलांनाच पाठवा, सोबत चार ओळींचा अर्ज द्या: किल्ला कुठे, किती बाय किती, कोणत्या तारखेपासून, आणि माती कधी उचलणार. शेवटची तारीख लिहिलेली असली की निम्मा विरोध तिथेच मावळतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका गाडीच्या जागेवरून बराच वाद झाला होता. शेवटी त्या गाडीच्या मालकांनाच आम्ही उद्घाटनाला बोलावलं. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून गाडी बाहेर लावली.

पहिल्या किल्ल्याला सहा फूट बाय चार फूट जागा पुरे. उंची दोन-अडीच फूट. यापेक्षा मोठा घ्याल तर मुलं थकतील आणि पुढचं काम मोठी माणसं करत बसतील.

एकच किल्ला ठरवा

नवीन मंडळी इथेच चुकतात. कुणाला रायगडावरची महाराजांची मेघडंबरी हवी असते, कुणाला प्रतापगडाचा बुरूज, कुणाला खाली समुद्र. सगळं एकत्र केलं की डोंगर होतो, किल्ला होत नाही. एक खरा किल्ला निवडा आणि तोच करा.

पहिल्या वर्षासाठी मी डोळे मिटून लोहगड सांगतो. त्याचा आकार सोपा आहे: लांबट सपाट माथा, एका अंगाला वळणं घेत चढणारी वाट आणि त्या वाटेवर एकामागून एक चार दरवाजे, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. दुसऱ्या टोकाला डोंगराची निमुळती सोंड लांबवर गेलेली, तिला विंचूकाटा म्हणतात. ही शेपटी काढली की लांबून बघणारा माणूसही म्हणतो, अरे, हा तर लोहगड! ओळख पटली की मुलांच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे डोंगराचे तटबंदी घातलेले सपाट पट्टे, तीन दिशांना पसरलेल्या आणि मधोमध सगळ्यात उंच बालेकिल्ला. सुवेळा माचीवरच्या कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. मातीत ते नेढं पाडणं हे लहान मुलांचं सगळ्यात आवडतं काम. सिंधुदुर्ग करायचा तर पाणी धरून ठेवणारी जागा लागते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली त्याची पायाभरणी झाली. त्याचा मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड इतका दडलेला आहे की समोर जाईपर्यंत दिसत नाही. तो दडवणं हीच त्या किल्ल्याची खरी परीक्षा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या वर्षी मुलांनी बारा चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी जिंजीची निघाली. आमच्यापैकी कुणीच जिंजी पाहिला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहतं. त्यांचे आजोबा संध्याकाळी खाली खुर्ची टाकून बसतात. मराठी त्यांना येत नाही, हिंदी जेमतेम. मुलांच्या तोंडी 'जिंजी' ऐकलं आणि ते उठून आले. "सेंजी, सेंजी," म्हणाले, हातातल्या काठीने जमिनीवर तीन टेकड्या काढल्या आणि एकेकीचं नाव सांगितलं: राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी. मग त्या तिन्ही टेकड्यांना जोडणारी तटाची रेघ ओढली. त्यांचं गाव त्याच भागातलं, लहानपणी ते राजगिरीवर चढले होते. नातीने दुभाष्याचं काम केलं. महाराजांनी १६७७ साली तो किल्ला घेतला, पुढे राजाराम महाराजांनी तिथून राज्यकारभार चालवला आणि १६९८ साली तो मोगलांकडे गेला, हे आमच्या मुलांनी आजोबांना सांगितलं. राजगिरीवर जायला शेवटी एका खोल फटीवरून पूल ओलांडावा लागतो, हे आजोबांनी मुलांना सांगितलं. सात वर्षं ते आमच्यात राहत होते. त्या संध्याकाळनंतर मुलं त्यांना 'ताता', म्हणजे तमिळमध्ये आजोबा, म्हणायला लागली.

म्हणून नव्या शेजाऱ्यांनो, तुमच्या गावाजवळ कुठला गड, गढी, कोट असेल तर बिनधास्त सुचवा. मुलांना तो करायला आवडेल.

जमलं तर आधी बघून या

लोहगड करणार असाल तर परीक्षेच्या आधीचा एखादा रविवार काढा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून चढत गायमुख खिंडीत यायचं, तिथे एका हाताला विसापूर आणि दुसऱ्या हाताला लोहगड. पुढे लोहगडवाडी आणि पायऱ्या. वाट सोपी आहे, आठ-नऊ वर्षांची मुलं आरामात चढतात.

वर गेल्यावर फोटो काढायचे ते काढा, पण प्रत्येक मुलाच्या हातात वही-पेन्सिल द्या. दरवाज्यात उभं राहून मागे बघायला सांगा: इथून खालची वाट किती दिसते? वरच्या तटावरून कोणकोणत्या वळणावर दगड टाकता येईल? चढताना एका दरवाज्यातून सुटलात तरी तुम्ही वरच्या तटाच्या माऱ्यातच असता, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा कळलं की ते पोर मातीतली वाट सरळ काढतच नाही.

डोंगराकडेही नीट बघा. सह्याद्री थरांचा आहे. वर सपाट माथा, त्याखाली उभा काळा कातळ, त्याखाली गवताचा उतार, पुन्हा कातळाची पट्टी, मग झाडी. नवशिक्यांचा किल्ला आइस्क्रीमच्या कोनासारखा टोकदार होतो, कारण त्यांनी डोंगर मनातून काढलेला असतो.

गडावरून दगड, विटेचा तुकडा, काहीही आठवण म्हणून आणू नका. एक रिकामी पिशवी न्या आणि वाटेतला प्लास्टिकचा कचरा खाली आणा. दर रविवारी गडांवर टाकी उपसणारी, झुडपं काढणारी दुर्गसंवर्धनाची मंडळी भेटतात. त्यांच्याशी मुलांना बोलू द्या. या भागात लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही संस्था आहे. डोंगरात कुणी अडकलं, पडलं की तिचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. किल्ल्यांवर प्रेम करायचं म्हणजे काय करायचं, हे मुलांना या माणसांकडे बघून समजतं.

जाणं जमलं नाही तर नकाशा आणि फोटो छापून भिंतीला चिकटवा, अगदी किल्ल्याच्या वर.

जमवाजमव

वर्गणी काढू नका. पैसे गोळा झाले की तयार वस्तू येतात आणि हिशेबाची भांडणं होतात. प्रत्येक घराने एक वस्तू आणायची. सहा बाय चारच्या किल्ल्याला साधारण एवढं लागतं: चाळीस-पन्नास विटा (कुठेतरी बांधकाम चालू असतं, मुकादमाला विचारलं तर तो तुटक्या विटा सहसा देतो), तेवढेच लहान-मोठे दगड, आठ-दहा घमेली माती, पाच-सहा जुनी गोणपाटं, चाळण, दोन बादल्या, एक फवाऱ्याची बाटली, शंभर-दीडशे ग्रॅम हळीव, थोडा गेरू, थोडी पांढरी रांगोळी, आणि ताडपत्री. ताडपत्री विसरू नका. एका वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस आला आणि सकाळी तटाच्या जागी चिखलाचा ओघळ होता. एक पोरगी जिन्यात बसून रडत होती. त्या दिवसापासून ताडपत्री आमच्या यादीत पहिली असते.

माती लाल असली तर उत्तम. नर्सरीत पोत्याने मिळते. निव्वळ काळी माती नको, ती वाळताना फाटते. तीच असेल तर तिच्यात तिसरा हिस्सा बारीक वाळू आणि मूठ-दोन मूठ लाकडाचा भुसा मिसळा.

सांगाडा

वेळेचं गणित उलट मांडा. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून मुलं खाली पळत येतात तेव्हा किल्ला हिरवा दिसायला हवा. हळीव त्याच्या सहा-सात दिवस आधी पेरला पाहिजे. म्हणजे सांगाडा त्याहून दोन दिवस आधी उभा हवा. परीक्षा उशिरा संपत असेल तर सांगाड्याचं काम मोठ्यांनी एका संध्याकाळी करून द्यावं.

मोठ्यांनी हात लावायचा तो फक्त जड विटा-दगड उचलायला, विजेच्या कामाला आणि ताडपत्री बांधायला. बाकी कुठे नाही. बुरूज वाकडा झाला तर वाकडा राहू दे. आई-बाबांनी रात्री खाली येऊन 'जरा नीट' केलेला बुरूज सकाळी मुलांच्या लगेच लक्षात येतो आणि त्यांचा हात त्या कामातून निघून जातो.

आधी जमिनीवर रांगोळीने किल्ल्याची बाहेरची रेघ काढा. मागच्या भिंतीकडे उंच, पुढे उतरता. विटा आडव्या रचायच्या, मधली पोकळी दगडांनी भरायची. माथा सपाट ठेवा आणि त्यावर एक लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा बसवा, म्हणजे वरचं बांधकाम धसत नाही. सांगाड्यावर हाताने दाब देऊन बघा. दगड हलला तर तो आत्ताच बसवा.

मग गोणपाटं. बादलीत मातीचा काला करायचा, इडलीच्या पिठाइतका दाट. गोणपाट त्यात बुडवून, पिळल्यासारखं करून सांगाड्यावर पांघरायचं. सुरकुत्या पडतील, पडू द्या. त्या सुरकुत्यांच्याच पुढे घळी आणि सोंडा होतात. हे काम करताना सगळे नखशिखांत माखतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, जुने कपडे.

लिंपण

गोणपाट अर्धवट सुकलं, म्हणजे हाताला गार लागतं पण पाणी सुटत नाही, की त्यावर मळलेली माती थापायची. मळायचं काम चिमुरड्यांचं. त्यांना पायाने तुडवू द्या. पोळीच्या कणकेइतकी मऊ झाली की पुरे. बोटभर जाडीचा थर, खालून वर. वरून खाली थापत आलात तर घसरतो.

जिथे कातळ दाखवायचा तिथे माती ओली असतानाच दगडाच्या चपट्या चिपा आडव्या खोचत जा, एकावर एक. हे एक काम मन लावून केलं तर बाकी थोडं कमी झालं तरी चालतं. कातळाची ती काळी पट्टी दिसली की डोंगर एकदम सह्याद्रीचा होतो.

दुसऱ्या दिवशी तडे दिसतील. घाबरू नका. चाळलेल्या मातीचा पातळ लेप करून कापडाच्या बोळ्याने तड्यांवर फिरवा आणि संध्याकाळी फवारा मारा. दुपारच्या उन्हात ओलं गोणपाट वरून टाकून ठेवलं तर पुन्हा सहसा फाटत नाही.

हळीव

हळीवच का, मोहरी का नाही? मोहरीही उगवते, सपाट भागात आणि शेतांसाठी ती चांगली. पण हळीव भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत गर धरतो आणि त्या गराने तो उभ्या उतारालाही चिकटून राहतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटं भिजवा, चाळलेल्या मातीत कालवा आणि ओल्या उतारावर बोटांनी पसरा. कातळाच्या पट्टीवर अजिबात नको, माथ्यावरच्या वाटेवरही नको. वर ओलं सुती कापड एक दिवस झाकून ठेवा. त्यानंतर दिवसातून तीनदा फवारा. तांब्याने पाणी ओताल तर सगळं वाहून पायथ्याशी येईल आणि गवत फक्त खंदकात उगवेल.

दुसऱ्या दिवशी दाणे फुटतात. पाचव्या-सहाव्या दिवशी बोटाच्या पेराएवढी हिरवळ येते. फवाऱ्याची पाळी लावा, कागदावर नावं लिहून. सकाळी सहाची पाळी कायम एकाच मुलाकडे येते, जो लवकर उठतो. त्याला मधूनमधून सुट्टी द्या.

तट, बुरूज, दरवाजे

इथून कारागिरी सुरू होते. तटासाठी मळलेली माती पाटावर लाटण्याने लाटा, बोटभर जाडीची, आणि पट्ट्या कापा. कातणी घरची नको, दिवाळीत शंकरपाळ्यांना लागते. जुनी मागून घ्या. पट्टीच्या वरच्या कडेवर चर्या, म्हणजे तटावरचे कंगोरे, करायच्या, पाकळ्यांसारख्या गोलसर. बाटलीच्या झाकणाने अर्धगोल कापत गेलात की एकसारख्या होतात. मग काडीने जंग्या पाडा. जंगी म्हणजे तटातलं ते अरुंद भोक, ज्यातून बंदुकीने मारा करायचा. काडी सरळ खुपसू नका, आतून बाहेर खाली झुकती धरा. शत्रू खाली असतो ना. आमच्याकडे एका दहा वर्षांच्या मुलीने सगळ्या तटाला अशा तिरप्या जंग्या पाडल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, गडावर डोळा लावून बघितलं, आभाळ दिसत नव्हतं, वाट दिसत होती.

बुरुजासाठी डबा किंवा बाटलीभोवती लाटलेली पट्टी गुंडाळायची, सांधा ओल्या बोटाने पुसून टाकायचा, अर्धा तास थांबून डबा फिरवत काढून घ्यायचा. तट बसवताना तो डोंगराच्या कडेवर बसवा, मधे नको. आणि जिथे कडा उभा आहे तिथे तट नसला तरी चालतो. गड बांधणाऱ्यांनी डोंगराकडूनच निम्मं काम करून घेतलं होतं.

दरवाजा कधीही समोरून थेट दिसू देऊ नका. दोन बुरूज पुढे काढा, वाट त्यांच्या कुशीतून वळवा, दरवाजा आत ठेवा. याला गोमुखी बांधणी म्हणतात. रायगडाचा महादरवाजा असाच आहे. यामुळे तोफेचा गोळा थेट दरवाज्यावर बसत नाही आणि हत्तीला धडक द्यायला पळायला जागा मिळत नाही. हे मुलांना सांगू नका, विचारा. "तुम्ही हत्ती असाल तर इथे काय कराल?" उत्तर पाच मिनिटांत येतं.

माथ्यावर सदर (कारभाराची जागा), अंबरखाना (धान्याचं कोठार), देऊळ आणि पाण्याचं टाकं एवढं पुरे. टाकं मात्र हवंच. गडावर पाणी नसेल तर गड टिकत नाही.

मावळे

पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात, डेंगळे पुलाच्या बाजूला, दिवाळीआधी मावळ्यांचे ढीग लागतात. ढाल-तलवारवाले, तोफ डागणारे, तुतारी फुंकणारे, गवळणी, बैलजोडी, आणि सिंहासनावर बसलेले महाराज. तुमच्या गावातही कुंभारआळी असेलच. मातीचे मागा. घेताना मुलांना न्या आणि प्रत्येकाला दोनच निवडू द्या. कारागिराशी बोला. गणपती झाले की लगेच त्यांचं हे काम सुरू होतं, एकेका मावळ्याचे डोळे हाताने रंगवलेले असतात.

मावळ्यांची एक अडचण कायमची: मावळा बुरुजाएवढा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे मोठे मावळे पायथ्याला, पुढे, बघणाऱ्याच्या जवळ ठेवायचे. वर जाल तसे लहान. माथ्यावर अगदी बोटाच्या पेराएवढे मुलांनी स्वतः केलेले. डोळ्याला मग किल्ला आहे त्याहून उंच वाटतो.

पायथ्याशी गाव करायला विसरू नका. शेत, विहीर, बाजार, न्हावी, लोहार. किल्ला या माणसांच्या जिवावर उभा होता. आमच्या वॉचमनच्या मुलाने एकदा पायथ्याला वीटभट्टी केली, कारण त्याच्या गावाला ती आहे. आगपेटीच्या काड्या मोजून त्याने विटा कापल्या होत्या. सगळ्यात जास्त फोटो त्या भट्टीचे निघाले.

दिवे लावायचे तर बॅटरीवर चालणारी बारीक माळ. ओल्या मातीत घरची वीज अजिबात नको. धबधबा हवाच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातली पातळ नळी आणि मागे उंचावर बादली. पाण्याच्या वाटेत प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर उतार खचेल. आणि किल्ल्यात फटाका लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

किल्ला सांगणं

किल्ला झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. दिवाळीच्या संध्याकाळी लोक बघायला येतात, स्पर्धेत नाव दिलं असेल तर परीक्षक येतात. त्यांना किल्ला सांगावा लागतो. ही वेगळी कला आहे आणि नव्या मंडळींचं याकडे हमखास दुर्लक्ष होतं.

मोठ्यांनी लिहून दिलेलं पाठ भाषण नको. पाठ केलेलं पोर एक वाक्य विसरलं की तिथेच अडकतं. किल्ल्याचे भाग वाटून द्या. पायथा एकाकडे, दरवाजे दुसरीकडे, टाकं तिसऱ्याकडे. ज्याने जे बांधलं त्याने ते सांगायचं. दोन गोष्टी प्रत्येकाने सांगायच्या: हे इथे का आहे, आणि हे करताना माझं काय फसलं. फसलेलं सांगायला लागलं की मुलं मोकळी होतात. "हा बुरूज तीनदा पडला, मग आम्ही आत भुसा घातला." परीक्षक अशा वेळी खाली बसून ऐकतात, मी बघितलं आहे. मुलांनी केलेला किल्ला आणि मोठ्यांनी केलेला किल्ला यातला फरक त्यांना पहिल्या प्रश्नातच कळतो.

लाजऱ्या मुलाला मागे ठेवू नका, त्याला छोट्या टोळीला सांगायला द्या, त्याच्याच वयाच्या. आणि भाषेची अट घालू नका. ताता आणि त्यांची नात दोघांनी मिळून तमिळमध्ये जिंजी सांगितला, व्हिडिओ कॉलवर, गावाकडच्या माणसांना. खाली आमची सगळी पोरं ऐकत बसली होती. 'राजगिरी' आला की टाळ्या वाजवत होती.

भाऊबीजेच्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांमधले किल्ले बघायला मुलांना घेऊन जा. तिथल्या मुलांना प्रश्न विचारा, त्यांना आपल्याकडे बोलवा. पुढच्या वर्षी विटा कुणाकडे शिल्लक आहेत हेही तिथेच समजतं.

ज्यांच्याकडे अंगण नाही

मोठी परात किंवा जुना ट्रे घ्या, गॅलरीत ठेवा. दोन विटा, एक गोणपाट, मूठभर हळीव. एकच दरवाजा आणि एकच बुरूज करा, पण नीट करा. शेजारच्या दारातल्या मुलाला बोलवा.

उतरवणं

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात. तोवर हळीव पिवळा पडतो, माती सुटायला लागते. किल्ला लाथा घालून मोडू देऊ नका. ज्या क्रमाने चढवला त्याच्या उलट उतरवा: आधी मावळे, मग देऊळ आणि सदर, मग तट. चिपा वेगळ्या, विटा वेगळ्या. विटा झटकून गच्चीवर एका कोपऱ्यात रचून ठेवा. गोणपाटं धुऊन वाळवा. माती फोडून सोसायटीच्या झाडांना घाला, हळिवाच्या मुळांसकट. खत म्हणून चांगली. अर्जात लिहिलेल्या तारखेच्या आत जागा पाण्याने धुऊन द्या आणि सेक्रेटरींना दाखवा.

मावळे ओल्या कापडाने पुसून, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायचे. खोक्यावर मुलांनीच लिहायचं: कोणता किल्ला, कोणतं साल, काय तुटलं, काय हरवलं, आणि पुढच्या वर्षी खोकं कुणाच्या घरी. आमच्या शेवटच्या खोक्यावर लिहिलं आहे: जिंजी, २०२५. दोन तोफा तुटल्या. एक हत्ती सापडत नाही. खोकं तातांकडे, तिसरा मजला.